प्रसूतिकक्षात बाळाची गणती होते का?

ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात आपल्या मराठवाड्याचे नाव देशातील बहुतेक वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर होते. ज्या कारणाने ते तेथे पोहोचले, ते आठवले की आजही मान खाली जाते. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. ही बातमी ताजी असतानाच आपल्या छत्रपती संभाजीनगरातील घाटी रुग्णालयात चोवीस तासांत १८ मृत्यू झाल्याचे वृत्त ३ ऑक्टोबर रोजी आले, आणि त्यांतही नवजात बालके होती. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय व न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. सुनावणीत नांदेडच्या रुग्णालयातील मंजूर ९७ पदांपैकी केवळ ४९ पदे भरलेली असल्याची बाब पुढे आली.

त्या दिवसांत औषधांच्या तुटवड्याविषयी भरपूर बोलले गेले. एका खासदार महोदयांनी तर नांदेडच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले, आणि दोन दिवस चर्चा त्या झाडूभोवतीच फिरत राहिली. रुग्णालय प्रशासनाची बाजू अशी होती की, अनेक रुग्ण खाजगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या घटकेला पाठविले जातात, आणि बाळे अत्यंत कमी वजनाची असतात. हे म्हणणे खोटे नाही. मात्र एक प्रश्न विचारणारे फार थोडे होते : त्या बाळांजवळ आणि त्यांच्या मातांजवळ त्या रात्री किती परिचारिका होत्या? औषध कपाटात असले तरी ते वेळेवर द्यायला हात लागतो. बाळ निळे पडू लागले आहे, हे यंत्राच्या आधी कुणाच्या तरी डोळ्यांना दिसावे लागते. आम्ही आज त्या हातांविषयी आणि डोळ्यांविषयी लिहीत आहोत.

घाटी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९५६ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तेव्हापासून मराठवाड्यातील गोरगरिबांचे हे शेवटचे आश्रयस्थान झाले. वैजापूर, गंगापूर, जालना, बीड, परभणी, तिकडे बुलढाणा आणि जळगाव या साऱ्या भागांतून 'घाटीला न्या' एवढे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून अडलेली बाळंतीण पाठविली जाते. घाटीला कुणालाही परत पाठविता येत नाही, ही तिची थोरवी आहे आणि तिचे दुखणेही तेच आहे. खाटा संपल्या की जमिनीवर गादी पडते. परिचारिका संपल्या की काय करायचे, याची व्यवस्था कोणत्याही नियमपुस्तकात नाही.

नियम आहेत, आणि चांगले आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि प्रसूतिकक्षात प्रत्येक टेबलामागे एक. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा पदे राखीव धरावीत. कागदावर याहून अधिक मागण्यासारखे फारसे उरत नाही. परंतु एका टेबलामागे एक परिचारिका याचा अर्थ एका टेबलामागे एक नेमणूक असा नव्हे, आणि येथेच आपल्या लोकप्रतिनिधींची व कित्येकदा पत्रकारांचीही फसगत होते. हिशेब सोपा आहे. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर वर्षाच्या १०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी, सण, किरकोळ व अर्जित रजा, आजारपण वगळता एक परिचारिका वर्षातून साधारण २६० दिवस कामावर येऊ शकते. म्हणजे एका टेबलाजवळ बारा महिने चोवीस तास एक परिचारिका उभी ठेवायची तर चार जणी पुरत नाहीत, त्याहून थोड्या अधिक लागतात. सहा टेबलांच्या कक्षाला केवळ टेबलाजवळ उभे राहण्यासाठी पंचवीस जणी हव्यात. नोंदी, औषधसाठा, शस्त्रक्रियागृहात नेणे-आणणे हे निराळेच. एखाद्या पुढाऱ्याने 'आमच्या रुग्णालयाला दहा परिचारिका दिल्या' असे जाहीर केले, की वाचकांनी त्या दहांना चार पूर्णांक दोनने भागून पाहावे. प्रत्यक्षात दोन जणी वाढल्या, असे उत्तर येईल.

प्रसूतीच्या वेळी परिचारिका नेमके काय करते, हे पुरुष वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. (अनेक धर्मगुरूंनाही नसते, हे येथे नमूद केलेले बरे.) कळा नीट सुरू झाल्या की दर अर्ध्या तासाने बाळाच्या हृदयाचे ठोके पूर्ण मिनिटभर ऐकायचे असतात. आईची नाडी पाहायची, आणि पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा येतात व प्रत्येक कळ किती सेकंद टिकते, हे मोजायचे. ही सारी माहिती प्रसूती आलेखावर, ज्याला डॉक्टर मंडळी पार्टोग्राफ म्हणतात त्यावर, मांडायची असते. बाळ अडले आहे काय, ते गुदमरते आहे काय, आईला शस्त्रक्रियेसाठी न्यावे काय, हे त्या आलेखावरून वेळेत कळते. आता एका परिचारिकेकडे कळा देणाऱ्या चार स्त्रिया आहेत असे धरू. प्रत्येकीच्या कळा मोजायला दहा मिनिटे, म्हणजे चौघींना चाळीस मिनिटे. आणि तिच्या हाती आहे अर्धा तास. दोन पोटांवर दोन हात ठेवून ती एकाच वेळी दोघींच्या कळा मोजते असे मानले तरी ठोके, नाडी, सलाईन आणि इतक्यात ज्या पाचवीचे बाळ बाहेर येऊ लागले तिच्याकडे धाव, हे उरतेच. याचा परिणाम असा होतो की आलेख प्रसूतीनंतर, पाळी संपताना, एका बैठकीत भरला जातो. देशभरातील तज्ज्ञ ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. फाईल पूर्ण असते, रेघ सुबक असते. परंतु ज्या क्षणी त्या रेघेने सावध करायचे, त्या क्षणी ती कागदावर नव्हतीच. यात परिचारिकेचा अप्रामाणिकपणा शोधणे सोपे आहे. तीस मिनिटांत चाळीस मिनिटांचे काम करून दाखवा, असे सांगणाऱ्या व्यवस्थेचा अप्रामाणिकपणा आम्हाला अधिक मोठा वाटतो.

बाळ जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला वैद्यकशास्त्र सोन्याचे मिनिट म्हणते. न रडलेल्या बाळाला त्याच मिनिटात पुसून, ऊब देऊन, श्वास घ्यायला मदत करावी लागते. नेमक्या त्याच मिनिटात आईला रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन द्यायचे असते. एकाच मिनिटात दोन जीवांजवळ दोन माणसे हवीत. बाळंतिणीच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे आहे. म्हणूनच पुढचे दोन तास तिच्यावर वारंवार लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष ठेवणे दिसत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, त्याला कोनशिला बसवता येत नाही.

येथे आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. प्रसूतीनंतरच्या वॉर्डात खाट एक असते आणि जीव दोन असतात. तीस खाटांच्या वॉर्डात तीस बाळंतिणी असतील तर तेथे साठ रुग्ण आहेत. पैकी तीस जणांना आपले दुखणे सांगता येत नाही, अंगावरचे दुपटे बाजूला करता येत नाही, दूध ओढता येत नसेल तर तक्रार करता येत नाही. तथापि पदे मंजूर होतात ती खाटांच्या संख्येवर. बाळाच्या नावे खाट नाही, म्हणून त्याच्या वाट्याची परिचारिकाही नाही. ते कावीळ होऊन किंवा थंड पडून नवजात शिशू कक्षात दाखल झाले, तरच ते सरकारी हिशेबात रुग्ण होते. आईच्या कुशीत असेपर्यंत ते तिच्या खाटेचा एक भाग असते. शस्त्रक्रिया झालेली आई पहिल्या रात्री कुशीवरदेखील वळू शकत नाही. अशा वेळी बाळाकडे पाहते ती आजी, मावशी किंवा शेजारच्या खाटेजवळची अनोळखी बाई. आपल्या सरकारी रुग्णालयांतील बाळे बहुतांशी या बायांनी सांभाळली आहेत.

ही उणीव जगात इतरत्रही होती, आणि काहींनी ती दुरुस्त केली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये परिचारिकांच्या संख्येचा कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. तेथे कळा देणाऱ्या दोन स्त्रियांमागे एक परिचारिका बंधनकारक आहे, आणि प्रसूतीनंतर आई व बाळ अशा चार जोड्यांमागे एक. म्हणजे आठ जीव, आणि तसे ते मोजलेही जातात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याने २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आईजवळ असलेल्या बाळाला स्वतंत्र रुग्ण म्हणून मोजण्याची तरतूद केली. ही श्रीमंत राष्ट्रे आहेत, त्यांच्याशी आपली तुलना कशी, असे कुणी म्हणेल. बाळाची गणती करायला पैसा लागत नाही. गणती केल्यावर जे दिसते त्याची सोय करायला लागतो, आणि बहुधा म्हणूनच गणती टळते.

आपल्याकडे झाले ते असे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्त्या घरोघरी फिरल्या, आणि बाळंतपण रुग्णालयात व्हावे हा आग्रह गावोगाव पोहोचला. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ६५ टक्के प्रसूती दवाखान्यांत होत असल्याचे आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेले. हे यश लहान नाही. २०१८-२० या काळात देशात दर लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रात ३३. केरळ मात्र १९ वर होते, हेही ध्यानात ठेवावे. घरातील बाळंतपण रुग्णालयात आणण्यासाठी शासनाने घेतलेले कष्ट मान्य करूनही विचारावेसे वाटते की, पाहुणे बोलावले तेव्हा पंगतीला वाढणारे हात किती वाढवले? पूर्वी गावातली सुईण रात्रभर एकाच बाळंतिणीच्या उशाशी बसे. तिला शास्त्र ठाऊक नव्हते आणि त्यापायी जीव गेले, हे नाकारता येत नाही. पण ती उठून दुसऱ्या चौघींकडे जात नसे.

हात कमी पडले आणि अनर्थ झाला, की दोष कुणाच्या माथी येतो, याचे उदाहरण भंडाऱ्याचे आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. कक्षातील १७ पैकी ७ वाचली. आग लागली तेव्हा कक्षात परिचारिका उपस्थित नव्हती, असा ठपका आला. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांना सेवेतून काढण्यात आले आणि पुढे दोन परिचारिकांवर पोलिसांत गुन्हाही नोंदविला गेला. ज्यांची लेकरे गेली त्या मातापित्यांच्या दुःखापुढे कुणाचीही वकिली करण्याचे धाडस आम्हाला होत नाही. कर्तव्यात कसूर असेल तर शिक्षा व्हावीच. पण अशा कक्षासाठी शासनाचाच दंडक तीन-चार बाळांमागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असा आहे. सतरा बाळांना किमान चार तरी हव्या होत्या. आग विझविण्याची यंत्रणा का नव्हती, हा प्रश्न जितका विचारला गेला तितका हा विचारला गेला नाही. कंत्राटी परिचारिकेला काढून टाकता येते. मंजूर न केलेल्या पदाला निलंबित करता येत नाही.

कंत्राटाचा विषय निघाला म्हणून मे २०२२ मधील संपाची आठवण देतो. परिचारिकांची भरती बाह्यस्रोताद्वारे, खाजगी ठेकेदारामार्फत करण्याच्या विरोधात राज्यभरातील परिचारिका त्या महिन्याच्या अखेरीस बेमुदत संपावर गेल्या होत्या. शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णांचे हाल झाले, आणि टीकाही झाली. त्या वेळी आमच्या एका परिचित परिसेविकेने जे सांगितले ते आम्ही विसरलेलो नाही : ठेकेदाराची मुलगी सहा महिन्यांत हात बसेपर्यंत निघून जाते, आणि तिला शिकवण्यात गेलेला वेळ बाळंतिणीच्या वाट्याचा असतो. प्रसूतिकक्षात अनुभव म्हणजे काय, हे एका वाक्यात कळावे असे हे बोल आहेत. पोटावर हात ठेवून ज्या गोष्टी कळतात त्या कराराच्या मुदतीत शिकता येत नाहीत. घाटीतील रिक्त पदांचा प्रश्न तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांनी औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिकेद्वारे नेला होता. भरतीच्या जाहिराती निघतात त्या पुष्कळदा न्यायालयाच्या अशा टोकणीनंतर. एका शिक्षण रुग्णालयाला आपल्या प्रसूतिकक्षात माणसे मिळण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, हे काही प्रशासनाचे भूषण नव्हे.

आपल्या समाजाशी या विषयाचा दुहेरी संबंध आहे. महाराष्ट्रात परिचर्येचा पाया ज्या संस्थांनी घातला त्यांत मिरज, जालना, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील मिशन रुग्णालये अग्रभागी होती. ती आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांची, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. इतर समाज या कामाला विटाळ मानत असताना ख्रिस्ती मुली त्यात उतरल्या. 'नर्स म्हणजे ख्रिस्ती' असे समीकरण एके काळी होते, आणि ते कौतुकाने कमी व हिणवण्याने अधिक वापरले जाई. आजही आपल्या धर्मग्रामांत क्वचितच असे एखादे कुळ सापडेल, ज्यात एखादी सून वा लेक परिचारिका नाही. म्हणजे टेबलावर आपलीच लेक असते आणि टेबलाजवळही आपलीच. निर्गम ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची नावे लिहून ठेवली आहेत. फारोचे मात्र नाव नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १२ मे २०२० रोजी जागतिक परिचारिका दिनाच्या संदेशात राष्ट्रांच्या नेत्यांना आरोग्यव्यवस्था बळकट करण्याचे आणि अधिक परिचारिका नेमण्याचे आवाहन केले होते. परिचारिकांना पुष्पगुच्छ देऊन थांबणाऱ्यांसाठी त्या संदेशाचा हा उत्तरार्ध आहे.

खाजगी प्रसूतिगृहांविषयीही दोन शब्द. तेथे पांढरा गणवेश दिसला की वाचक निश्चिंत होतात. १९४९ चा आपला शुश्रूषागृह नोंदणी कायदा प्रसूतिगृहात पात्रताधारक सुईण असावी, असे स्पष्ट सांगतो. वस्तुतः अनेक लहान दवाखान्यांत दहावी-बारावी झालेल्या मुलींना काही महिने हाताशी ठेवून 'सिस्टर' केले जाते. कारण उघड आहे : नोंदणीकृत परिचारिकेला वेतन द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या केंद्रीय समितीने २०१६ मध्ये पन्नास खाटांपेक्षा लहान खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली होती. आमच्या ओळखीच्या ज्या मुली तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून अशा दवाखान्यांत लागल्या, त्यांचे पगार या आकड्याच्या जवळपासही नव्हते. मग मुंबई, पुणे, आखाती देश यांची वाट धरली तर त्यांना दोष देता येत नाही. येथे शिकलेले कुशल हात येथल्या बाळंतिणींना मिळत नाहीत, एवढेच शेवटी उरते.

उपाय नाहीत असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'लक्ष्य' उपक्रमात प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेचे मोजमाप आहे, आणि कळा देणाऱ्या स्त्रीजवळ तिच्या विश्वासातील एका स्त्रीला थांबू देण्याची मुभाही आहे. पुष्कळ कुटुंबांना हे माहीत नसते; त्यांनी ते मागावे. सोबतीण परिचारिकेची जागा घेऊ शकत नाही, मात्र 'सिस्टर, इकडे या' असे वेळेवर ओरडू शकते. २०१८ साली प्रसविका परिचारिकांचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. जीएनएमनंतर अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या या परिचारिका गुंतागुंत नसलेली प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर करू शकतात. त्यांची बदली नेत्रविभागात वा अस्थिविभागात होऊ नये, ही यातील खरी कळीची अट आहे. आज प्रसूतिकक्षात हात बसलेली परिचारिका उद्या दुसऱ्या वॉर्डात पाठविली जाते.

याहून स्वस्त असा एक उपाय ब्रिटनने केला आहे. मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयातील हलगर्जीच्या चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आल्यानंतर तेथील सरकारी रुग्णालयांना प्रत्येक वॉर्डाच्या दर्शनी भागात फलक लावण्यास सांगण्यात आले : या पाळीत किती परिचारिका असायला हव्यात आणि प्रत्यक्षात किती आहेत. त्याला लागतो एक फळा आणि एक खडू. घाटीत आणि चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, ज्याला लोक मिनी घाटी म्हणतात तेथे, प्रसूतिकक्षाच्या दाराशी असा फळा लागावा, अशी आमची सूचना आहे. त्यावर तीन आकडे असावेत : आजच्या पाळीतील परिचारिका, आजच्या माता आणि आजची बाळे. रुग्णालयांना अभ्यागत समिती असते, रुग्ण कल्याण समिती असते, आणि त्यांवर आपल्यापैकी काही जण यापूर्वी गेले आहेत व पुढेही जातील. त्यांनी बैठकीत रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीपूर्वी हा फळा मागावा.

आपल्या शहरात दूध डेअरीच्या जागेवर २०० खाटांच्या महिला व नवजात शिशू रुग्णालयाची घोषणा होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत, आणि आजवर चर्चा झाली ती निधीची, जागेची आणि बांधकामाची. अशा रुग्णालयाचा आकृतिबंध, म्हणजे कोणती किती पदे, हा कागद इमारतीच्या नकाशाइतकाच महत्त्वाचा असतो, मात्र तो कुणी मागून पाहत नाही. आमच्या वाचकांपैकी वकील, शिक्षक, परिचारिका आणि महापालिकेत व जिल्हा परिषदेत वावर असलेले जे आहेत, त्यांनी तो माहितीच्या अधिकारात मागवावा. त्यात परिचारिकांची संख्या किती, रजेची राखीव पदे धरली आहेत काय, आणि ती संख्या काढताना दोनशे खाटांवर दोनशेच जीव मोजले आहेत की बाळांसह अधिक, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे आल्यास ती आमच्याकडे पाठवावीत. आम्ही ती जशीच्या तशी येथे प्रसिद्ध करू.